क्लासिक ३५०: उंच हँडलसाठी कंपनीची क्लच केबल की बाहेरची?

आंबाघाट_रोजचा
नमस्कार. माझ्याकडे २०१६ सालची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० आहे आणि ती बहुतेक वेळा रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यावरच असते. गेल्या दिवाळीनंतर मूळ हँडल काढून सुमारे दोन इंच उंच हँडल बसवले, पण केबल जुनीच ठेवली. तेव्हापासून क्लच जड लागतो. घाटात ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडावे लागले की डावा हात भरून येतो. शिवाय हँडल एका बाजूला पूर्ण वळवले की लिव्हरची ढील (तार ताणली जाण्यापूर्वीची लिव्हरची मोकळी हालचाल) जवळजवळ नाहीशी होते. गॅरेजवाले कंपनीचीच नवी केबल टाका म्हणतात, तर एका मित्राचा आग्रह आतून टेफ्लॉनचे अस्तर आणि स्टेनलेस स्टीलची तार असलेल्या बाहेरच्या केबलसाठी आहे. तिचे जास्तीचे पैसे हाताला खरोखर जाणवतात का? आणि बदलायचीच असेल, तर रेस (थ्रॉटल) केबलही सोबतच बदलावी का?

तेलकट_हात
कोणती केबल घ्यावी हे ठरवण्यापूर्वी दोष केबलचाच आहे ना, याची खात्री करून घ्यावी. केबल दोन्ही टोकांकडून सोडवा, गाडीवर आहे त्याच मार्गाने राहू द्या आणि आतली तार हाताने मागेपुढे ओढून पाहा. ती खरखरत असेल किंवा अडखळत असेल, तर केबल संपली आहे. तार सहज सरकत असेल, तर जडपणा लिव्हरच्या पिनमध्ये, इंजिनाकडच्या आर्ममध्ये (केबल ज्याला ओढते तो दांडा) किंवा क्लचच्या स्प्रिंगमध्ये शोधावा लागेल, आणि कितीही महाग केबल टाकली तरी स्प्रिंग काही मऊ होत नाहीत.

आपल्या बाबतीत मला संशय आहे तो मार्गाचा आणि लांबीचा. केबलमधले घर्षण तिच्या सगळ्या वळणांच्या बेरजेवर अवलंबून असते आणि ते सरळ पटीत वाढत नाही. वळणांची बेरीज १८० अंश आणि घर्षणांक ०.१५ धरला, तर क्लचपाशी लागणाऱ्या ओढीच्या सुमारे १.६ पट ओढ लिव्हरपाशी द्यावी लागते. चांगल्या अस्तरामुळे तोच अंक ०.०५ पर्यंत खाली आला, तर १.२ पटीहूनही कमी पुरते. म्हणजे अस्तराचा फायदा खरा आहे, पण ताणलेली आणि हेडलाइटच्या मागे मुरडलेली आखूड केबल तो फायदा गिळून टाकते. हँडल वळवल्यावर ढील संपते, याचा अर्थ त्या क्षणी क्लच अर्धवट दाबला जातो आहे. असेच चालवत राहिल्यास प्लेटा जळतील.

जुनी_बुलेट
लांब केबल मागवताना लोक केवळ एकूण लांबी सांगतात आणि तिथेच घोटाळा होतो. बाहेरचे आवरण ५० मिलिमीटरने वाढवायचे असेल, तर आतली तारही तेवढीच वाढली पाहिजे. आवरण एका टोकाला पूर्ण सरकवल्यावर दुसऱ्या टोकाला जी तार उघडी दिसते, तिची लांबी मूळ केबलएवढीच राहायला हवी. ती कमी-जास्त झाली, तर अॅडजस्टर शेवटच्या आट्यापर्यंत फिरवूनही ढील जुळत नाही.

‘बाहेरची’ या शब्दाला मात्र मी फारसा अर्थ देत नाही. बेंगळुरूची सुप्रजित कंपनी गाड्यांच्या उत्पादकांना केबल पुरवते आणि स्वतःच्या नावाने सुट्या बाजारातही विकते. व्हेनहिल ही ब्रिटिश कंपनी आपल्या मित्राने सांगितली तशीच, अस्तराची आणि स्टेनलेस तारेची केबल बनवते. खरा धोका आहे तो नाव-गाव नसलेल्या पाकिटातल्या नकली मालाचा, ज्यात टोकाची निपल, म्हणजे लिव्हरमध्ये अडकणारी धातूची गुंडी, तारेवर नीट बसवलेलीच नसते. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत स्टेनलेस तार सहजी गंजत नाही हे मान्य. तरीही केबल सहसा तुटते ती लिव्हरकडच्या निपलपाशी. निपल लिव्हरच्या खाचेत फिरली नाही, तर प्रत्येक दाबाला तार तिथेच वाकते आणि एकेक धागा सुटत जातो. म्हणून त्या खाचेत बोटभर ग्रीस लावावे. अस्तर असलेल्या केबलच्या आत मात्र घट्ट ग्रीस भरू नये; त्यात धूळ अडकते आणि अस्तराचा उपयोग संपतो.

तेलकट_हात
रेस केबलचे राहिले होते. ती नीट चालत असेल आणि लांबीला पुरत असेल, तर सुधारणेच्या हौसेने तिला हात लावू नये. क्लचची तार अडकली तर गाडी बंद पडेल, थ्रॉटल उघडा अडकला तर काय होईल हे सांगायला नको. नवे हँडल बसवल्यावर इंजिन चालू ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये असताना, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. आवाज जराही चढला, तर ती केबल ताणली जाते आहे आणि बदलावीच लागेल. ग्रिप सोडल्यावर ती प्रत्येक स्थितीत आपणहून झटकन मिटली पाहिजे.

आंबाघाट_रोजचा
सर्वांचे आभार. केबल सोडवून पाहिली. इंजिनाकडचा आर्म मोकळा आहे, तार मात्र खालच्या रबरी बुटापाशी अडखळते आणि बूट सरकवल्यावर आत तांबूस गंजाचा भुगा निघाला. लिव्हरकडे दोन धागे बाहेर आले आहेत. हँडल फिरवून पाहिले तेव्हा इंजिनाचा आवाज बदलला नाही, त्यामुळे रेस केबल तशीच ठेवतो. उघड्या तारेचे माप घेऊन ५० मिलिमीटर लांब, अस्तराची क्लच केबल मागवतो आहे. ती हेडलाइटच्या कोणत्या बाजूने नेली तर वळण कमी पडेल, हे उंच हँडलवाल्या कोणी छायाचित्रासह दाखवले, तर बरे होईल.