मदत हवी आहे: शुगर आहे, कोलेस्टेरॉल नॉर्मल, मग ही गोळी कशाला?

सांगलीकर७: बाबांना शुगर आहे. परवा डॉक्टरांनी अ‍ॅटोरवास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी सुरू केली. रिपोर्टात कोलेस्टेरॉल १७८, शेजारी 'नॉर्मल' छापलंय. बाबा म्हणतात, ह्यांना कमिशन मिळतं. घेतच नाहीत. द्यायची की नाही एवढंच सांगा, लवकर.

भटका_केमिस्ट: वय? शुगर किती वर्षं? बीपी? १७८ हे टोटल झालं, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल किती?

निमाताई: आमच्या ह्यांनी मेथीवर सगळं आटोक्यात आणलं. गोळ्या एकदा मागे लागल्या की सुटत नाहीत.

सांगलीकर७: वय ६१, शुगर १२ वर्षं, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.४, एलडीएल ११२. बीपीची गोळी चालू आहे, तो प्रश्न नाहीये.

भटका_केमिस्ट: अहो, तोच प्रश्न आहे! लॅबचं 'नॉर्मल' सरसकट सगळ्यांसाठी असतं. शुगरने रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब होतं, तिथे चरबी साचते, वर बीपी. अशांचं एलडीएल ७० च्या खाली आणायला बघतात. तंबाखू खातात का?

कट्टेकरी: ह्या स्टॅटिन प्रकारच्या गोळ्यांनीच शुगर वाढते, ते नाही सांगितलंत.

भटका_केमिस्ट: वाढते, किंचित. पण २००४ चा कार्ड्स अभ्यास बघा. सगळे टाइप २ चे मधुमेही, आधी हृदयविकार नसलेले. रोज १० मिलिग्रॅम अ‍ॅटोरवास्टॅटिनने हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरे ३७ टक्क्यांनी कमी.

कट्टेकरी: पैसे कोणाचे?

भटका_केमिस्ट: डायबेटिस यूके, ब्रिटनचं आरोग्य खातं. आणि हो, फायझरचेही.

कट्टेकरी: बघा!

सोलापुरी_चादर: वजन किती बाबांचं? अवांतर: पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. याज्ञिक सांगतात तसं, आपली माणसं दिसायला बारीक पण आत चरबी भरपूर.

सांगलीकर७: बारीकच आहेत. तंबाखू फक्त जेवणानंतर. महिनाभर जिना चढताना दम लागतो, पण छातीत दुखत नाही म्हणून लिहिलं नव्हतं.

निवृत्त_सिस्टर: हे आधी लिहायचं! जुन्या शुगरमध्ये नसा बधिर होतात, हृदयाचं दुखणं कधी कधी छातीत जाणवतच नाही. नुसता दम लागतो, नाहीतर घाम फुटतो. गोळीचा वाद राहू दे, आजच डॉक्टरांना दम लागतो हे सांगा, ईसीजी काढा. बसल्या जागी दम लागला तर वाट न बघता थेट हॉस्पिटल.

सांगलीकर७: निघतोय. बाबांना 'शुगर तपासायला' सांगून नेतोय.

निमाताई: मेथी रात्री भिजत घालायची हं, कोरडी चावायची नाही.