लोनवरचा पोरगा कायमचा घ्यायचा कधी? (टिलेमान्सचं नाव पुढे करून घाई करणाऱ्यांना उत्तर)

वेंगुर्ल्याचा विंगर

काल इथे एकाने ठासून लिहिलं: "वीस-एकवीस वर्षांचा मिडफिल्डर लोनवर येऊन अर्धा हंगाम चांगला खेळला, की क्लबने पैसे मोजून त्याला कायमचा घ्यावा. टिलेमान्स बघा, ओडेगार बघा. थांबतो तो मागे राहतो." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या, म्हणून सविस्तर लिहितोय. (लोन म्हणजे क्लबने आपला खेळाडू ठरावीक काळापुरता दुसऱ्या क्लबला खेळायला देणं.)

ही दोन उदाहरणं एका जातीची नाहीतच. टिलेमान्स जानेवारी २०१९ मध्ये मोनॅकोकडून लेस्टरला लोनवर आला आणि त्याच उन्हाळ्यात सुमारे ४ कोटी पौंडांना कायम झाला. ओडेगार जानेवारी २०२१ मध्ये आर्सेनलला आला तेव्हा करारात खरेदीचा पर्यायच नव्हता. ऑगस्टमध्ये नव्याने बोलणी झाली आणि सुमारे ३ कोटी पौंड मोजले गेले. आणि जे राहिले नाहीत त्यांची नावं कोणी का घेत नाही? सेबायोस आर्सेनलमध्ये लोनवर दोन हंगाम खेळून रिआल माद्रिदला परत गेला. हामेस रॉड्रिगेझ दोन वर्षं बायर्नमध्ये लोनवर होता, खरेदीचा पर्याय हातात असून बायर्नने तो वापरला नाही.

अर्ध्या हंगामाचे आकडे मिडफिल्डरच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसवतात. स्ट्रायकरचे गोल दिसतात तरी. मिडफिल्डरचे पास शेजारी कोण आहे यावर ठरतात. बचावफळीच्या पुढे उभ्या राहणाऱ्या दोन होल्डिंग मिडफिल्डरपैकी एक म्हणून खेळणारा पोरगा त्या जागेवर (सहा नंबरवर) एकटा उभा केला, की त्याच्या मागची तीस यार्ड जागा उघडी पडते. म्हणून चार गोष्टी वेगळ्या काढून बघायच्या. पाठीवर माणूस असताना चेंडू घेताना पहिला टच पुढे जातो की मागे. सत्तराव्या मिनिटानंतर सेकंड बॉलवर (झुंजीतून सुटलेल्या चेंडूवर) तो पोचतो का. बाहेरच्या मैदानावर, संघ मागे असताना, तो चेंडू मागतो की लपतो. आणि नेहमीचा जोडीदार जायबंदी असताना तो कसा खेळला. संघाकडे चेंडू किती वेळ असतो याचा हिशेब न लावता नुसते टॅकल मोजले, तर दिवसभर बचाव करणाऱ्या संघातला कोणीही पोरगा हिरा वाटतो.

फातोर्डा पूर्व स्टँड

विंगर, तपासणीची यादी मान्य. पण ही यादी लोन घेण्याआधीची आहे. दहा महिने पोरगा रोज तुमच्याच मैदानावर सराव करतो, तुमचे फिजिओ त्याचे स्नायू ओळखतात, तो ड्रेसिंगरूममध्ये कसा वागतो ते कप्तानाला माहीत असतं. एवढी माहिती बाजारातल्या दुसऱ्या कुठल्या खेळाडूबद्दल मिळते? तरी थांबायचं असेल तर लोन घेता कशाला?

थांबण्याची किंमत बघा. कॉनर गॅलाघर २०२१-२२ मध्ये चेल्सीकडून क्रिस्टल पॅलेसला आला, लीगमध्ये ८ गोल केले, आणि करारात पर्याय नसल्याने हंगाम संपताच परत गेला. त्यातही एप्रिलमध्ये एफए कपची (इंग्लंडमधली बाद फेरीची स्पर्धा) सेमीफायनल नेमकी चेल्सीशी आली आणि चेल्सीने त्याला खेळायची परवानगी दिली नाही. पॅलेस ०-२ हरलं. पोरगा घडवायचा तुम्ही आणि मोठ्या दिवशी तो स्टँडमध्ये.

उलट टोनाली. २०२०-२१ मध्ये ब्रेशियाकडून मिलानला लोनवर आला आणि पहिलं वर्ष अगदी फिकं गेलं. तुमच्या यादीवर तो नापास झाला असता. मिलानने किंमत खाली आणून घेतली, पोराने पगार कमी करून घेतला, पुढच्या वर्षी मिलान ११ वर्षांनी इटलीची लीग जिंकलं, आणि २०२३ मध्ये न्यूकॅसलने कितीतरी पटीने जास्त मोजले. आपल्याकडेच बघा. लिस्टन कोलासो जानेवारी २०२० मध्ये गोव्यातून हैदराबादला गेला आणि दीड वर्षात कोलकात्याच्या एटीके मोहन बागानने त्याच्यासाठी भारतीय खेळाडूला तोवर न मिळालेली फी दिली. हातचा पोरगा सोडला की तो परत परवडत नाही.

देवगडचा दहा नंबर

दोघेही किमतीबद्दल बोलताय, पण कागदावर ती कशी बसते ते कोणीच लिहीत नाही.

समजा फी २ कोटी पौंड आणि करार ५ वर्षांचा. हिशेबात दर वर्षी ४० लाख पडतात. आठवड्याला ५० हजार पौंड पगार धरला तर वर्षाचे आणखी २६ लाख. म्हणजे एका पोरापायी वर्षाला ६६ लाख. दोन वर्षांनी तो विकायची वेळ आली तर पुस्तकात त्याची किंमत १ कोटी २० लाख शिल्लक असते. १ कोटीला विकला तर २० लाखांचा तोटा त्याच वर्षी दाखवावा लागतो. आठ-आठ वर्षांचे करार करून हा आकडा पातळ करायची पळवाट होती, ती २०२३ मध्ये आधी युएफाने (युरोपची फुटबॉल संघटना) आणि मग प्रीमियर लीगने बंद केली. करार कितीही लांब करा, फी जास्तीत जास्त ५ वर्षांतच वाटायची.

आणि फातोर्डा, गॅलाघरच्या करारात पर्याय हवा होता या तुमच्या सुरात एक भोक आहे. खरेदीचा पर्याय हा दोन क्लबांमधला करार असतो. पोराचा पगार आणि मुदत त्याच वेळी त्याच्या सहीने ठरली नसेल, तर फी भरायला तयार असूनही तो "येत नाही" म्हणू शकतो. सक्तीची खरेदी, म्हणजे लोननंतर घेणं बंधनकारक, असेल तर उलटा त्रास. बिनशर्त सक्ती असेल तर युएफाच्या हिशेबात तो पहिल्या दिवसापासून विकत घेतलेलाच धरतात. अमुक सामने खेळला तर सक्ती, अशी अट घातली, की मॅनेजरला संघ निवडताना हिशेबनीस आठवतो आणि त्या आकड्याच्या जवळ आलेला पोरगा बाकावर बसतो. पोराचं वर्ष फुकट जातं आणि त्याचा खेळाशी संबंध नसतो.

टिलेमान्सचा शेवटही लिहा मग. मे २०२१ च्या एफए कप फायनलला चेल्सीविरुद्धचा एकमेव गोल त्याचाच, लेस्टरचा पहिला एफए कप. ४ वर्षांचा करार वाढला नाही, २०२३ मध्ये लेस्टर खालच्या डिव्हिजनला गेलं आणि तो फुकटात ॲस्टन व्हिलाला. फी पूर्ण फिटली होती, म्हणून पुस्तकी तोटा शून्य. पण बदली मिडफिल्डर घ्यायला हाती आलेला पैसाही शून्य.

वेंगुर्ल्याचा विंगर

हेच म्हणतोय. आंब्याची बाग एका हंगामाच्या कराराने घेणं वेगळं आणि कलमांसकट जमीन विकत घेणं वेगळं. मोहोर बघून जमिनीचा भाव ठरवत नाहीत.

फातोर्डा पूर्व स्टँड

दहा नंबर, एफए कप जिंकून देणाऱ्या खेळाडूची खरेदी चुकली असं तुम्ही म्हणताय? दोन हंगाम पाठोपाठ पाचवा क्रमांक, कप, आणि तरी तोट्याचा सौदा? खरेदी बरोबरच होती. चूक झाली ती नंतर, करारात दोन वर्षं उरली असताना एकतर वाढवला नाही किंवा विकला नाही. खरेदीच्या माथी ती मारू नका.

मालवणी मिडफिल्ड

बाबांनू, तुमचा सगळा खरा, पण ह्या कोट्यांतला आपल्याकडे काय येता ता कोण बोलतलो?

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. पोरगा एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, की फीच्या ५ टक्के रक्कम त्याला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबांना जाते. १२ ते १५ मधल्या प्रत्येक हंगामाला फीच्या ०.२५ टक्के, १६ ते २३ मधल्या प्रत्येक हंगामाला ०.५ टक्के. वरच्याच २ कोटी पौंडांवर लावा. बारा ते पंधरा ही चार वर्षं ज्या गावठी क्लबात पोरगा खेळला, त्याला २ लाख पौंड. लोनची फी घेतली तरी तिच्यावर हा नियम लागतो. लोनवर घेणाऱ्या क्लबलाही तेवढ्या काळाचा वाटा मिळतो.

सिंधुदुर्गातली पोरं बाराव्या-तेराव्या वर्षी बांद्यावरून पलीकडे गोव्याच्या ट्रायलला जातात. तोपर्यंत कुठल्या क्लबाच्या नावावर त्यांची नोंद असते? कुठल्याच नाही. मंडळ आहे, जर्सी आहे, गणपतीनंतरच्या स्पर्धेचा करंडक आहे, पण अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या नोंदणी प्रणालीत पोराचं नाव नाही. उद्या तो युरोपात जरी गेला तरी त्याच्या प्लेअर पासपोर्टमध्ये (कुठल्या हंगामी कुठल्या क्लबात होता त्याची नोंद) पहिली ओळ गोव्याच्या क्लबाची.

दापोलीकर

विषय लोनच्या मिडफिल्डरचा चालला होता. प्रत्येक धाग्यात कोकणावरचा अन्याय आणायलाच हवा का? आधी मैदान आणा. जांभ्यावर पसरलेली लाल माती, जून ते सप्टेंबर चिखल, दिवाळीपासून मे पर्यंत टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा आणि मधोमध सिमेंटची खेळपट्टी. त्या खेळपट्टीवर मिडफिल्डर टर्न मारू शकत नाही, घोटा जातो. कोल्हापुरात तालमींचे संघ आणि शाहू स्टेडियम आहे म्हणून तिथे खेळाडू होतात. युरोपातल्या टक्क्यांचा हिशेब आपण कशाला करायचा?

मालवणी मिडफिल्ड

कित्याक नाय करूचो? मैदान नाही म्हणून नोंदणीही करायची नाही, हा कुठला न्याय? नोंदणीला गवत लागत नाही. लागतं ते एवढंच: क्लब जिल्हा संघटनेमार्फत विफाशी (महाराष्ट्राची फुटबॉल संघटना) संलग्न हवा, पोराचा जन्मदाखला, ओळखपत्र, फोटो आणि आईवडिलांची संमती. मग त्याला महासंघाचा आयडी मिळतो, आणि तो आयडी दर हंगामी चालू ठेवावा लागतो. चुका कुठे होतात तेही सांगतो. जन्मदाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही. एका वर्षी नोंद होते, पुढच्या वर्षी कोणी करत नाही, तेवढा हंगाम गळतो. आणि पोरगा शाळेच्या संघातून खेळला तर शाळा हा क्लब धरत नाहीत.

नोव्हेंबर २०२२ पासून हा ५ टक्क्यांचा पैसा फिफा क्लिअरिंग हाऊसमधून (फिफाची हे वाटे पोचवणारी संस्था) जातो. कोणाकडे हात पसरायला नको, पासपोर्टमध्ये नाव असलं की वाटा आपोआप निघतो. पण क्लबचा स्वतःचा फिफा आयडी आणि क्लबच्या नावाचं बँक खातं नसेल तर अडकतो. खजिनदाराच्या बचत खात्यावर हे पैसे येत नाहीत.

देवगडचा दहा नंबर

एक दुरुस्ती, नाहीतर लोक भलत्या आशेवर बसतील. भारतातल्या भारतात, गोव्याच्या क्लबाकडून मुंबईच्या क्लबाकडे विक्री झाली तर फिफाचा हा ५ टक्क्यांचा नियम लागत नाही. घडवणारा क्लब दुसऱ्या देशातला असला तरच देशांतर्गत विक्रीवर लागतो. आपल्या पोरांच्या बहुतेक बदल्या देशातच होतात. २०२५-२६ चा आयएसएल हंगाम किती लांबणीवर पडला ते सगळ्यांनी पाहिलं, अशा वातावरणात फी देऊन खरेदी किती होणार?

मालवणी मिडफिल्ड

देशातल्या देशात लागत नाही, हे बरोबर. म्हणून काय सोडून द्यायचं? एक पोरगा जरी बाहेर गेला तरी गावच्या मैदानाला कुंपण होईल. आणि दापोलीकर, तुम्हाला हा विषय उपरा वाटतो याचंच वाईट वाटतं. पोरं आपली आहेत.

दापोलीकर

उपरा म्हटलं नाही. क्रम चुकतोय एवढंच म्हणतोय. नोंदणीचं तुमचं बरोबर आहे, खर्च नाही तर करून टाकावी. पण त्यामुळे चांगला मिडफिल्डर तयार होतो हे मी मानणार नाही.

फातोर्डा पूर्व स्टँड

मूळ प्रश्नावर येतो. वय हा मुद्दा कोणी नीट मांडला नाही. परदेशी लोनवर फिफाची मर्यादा आहे: जुलै २०२२ पासून ८ खेळाडू बाहेर द्यायचे आणि ८ आत घ्यायचे, पुढच्या वर्षी ७, जुलै २०२४ पासून ६. त्यातून २१ वर्षांपर्यंतचे आणि क्लबनेच घडवलेले खेळाडू वगळलेत. म्हणजे २१ पर्यंत मूळ क्लब पोराला फिरवत ठेवू शकतो. २२ चा झाला की तो त्यांच्या सहापैकी एक जागा अडवतो, आणि तिथेच विकायची घाई त्यांना होते. विंगर, एवढ्यापुरतं तुमचं थांबणं मला पटतं, पण फक्त तेवढ्यापुरतं. या नियमापासून एक लोन वर्षाच्या वरचं नसतं, हेही धरा.

वेंगुर्ल्याचा विंगर

तेवढ्यापुरतं तर तेवढ्यापुरतं. मग माझं म्हणणं असं: लोनच्या सहीच्याच दिवशी फीचा आकडा, पोराचा पगार आणि मुदत लिहून घ्यायची, सामन्यांची अट घालायची नाही, आणि निर्णयाची तारीख मे अखेर ठेवायची. मार्चमध्ये तीन चांगले सामने झाले म्हणून पर्याय वापरायचा नाही. पोरगा आधीच्या वर्षी हजारभर मिनिटं खेळला असेल आणि लोनवर तीन हजार, तर हॅमस्ट्रिंग आणि जांघेचे अहवाल हंगाम संपल्यावरच खरे कळतात. असा पर्याय मिळत नसेल आणि जोडीदाराशिवाय तो खेळलेलाच नसेल, तर घेऊ नये.

फातोर्डा पूर्व स्टँड

पर्याय मिळत नसेल तर आर्सेनलने ओडेगारला घ्यायलाच नको होता, असा अर्थ होतो. २०२२ मध्ये तो कप्तान झाला. हे वाक्य काढा, मग बाकीच्यावर माझी सही.

वेंगुर्ल्याचा विंगर

नाही काढत. आर्सेनलने पर्याय नसताना घेतला, पण सहा महिने वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर खेळवून घेतला. माझ्या वाक्यात दोन अटी आहेत आणि मध्ये "आणि" आहे. ते वाचा.