शब्दचर्चा : ‘भरपाई’, ‘मदत’, ‘अनुदान’, ‘विमा’

प्रश्न : अतिवृष्टीच्या बातम्यांत एकाच रकमेला कधी ‘मदत’, कधी ‘नुकसानभरपाई’, कधी ‘अनुदान’ म्हणतात. हे समानार्थी शब्द आहेत का? आणि पैसेवारी (गावात पीक किती आलं याचा सरकारी अंदाज) कमी आली की विमा मिळतो, हे खरं का?

उत्तर : समानार्थी नाहीत. यांची गल्लत झाली की शेतकऱ्याचे हेलपाटे वाढतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘भरपाई’त ‘भरून पावणे’ आहे. पावतीवर ‘रक्कम भरून पावलो’ लिहितात, म्हणजे देणं पुरतं फिटलं. अतिवृष्टीनंतर सरकारकडून येणारी रक्कम अशी नसते. आपत्ती प्रतिसाद निधीतून जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि फळबागेला २२,५०० रुपये हा २०२२ नंतरचा दर, तोही पिकाचं ३३ टक्के किंवा जास्त नुकसान झालं असेल तरच. केंद्राच्या निकषांत तिला निविष्ठा अनुदान म्हटलंय. निविष्ठा म्हणजे बियाणं, खत, औषध. पुढच्या पेरणीला हातभार लागावा एवढाच हेतू, गेलेल्या मालाची किंमत त्यात धरलेलीच नाही. शासन निर्णयातही बहुधा ‘मदत’च असते. तेव्हा ‘हेक्टरी ८,५०० भरपाई’ हा मथळा चूक आहे. वाचणाऱ्याला वाटतं, शेतकऱ्याचं सगळं भरून निघालं.

‘विमा’ (फारसी ‘बीमा’) हा करार. हप्ता भरलाय म्हणून मिळणारा हक्क. पंतप्रधान पीक विमा योजनेत, खरीप २०१६ पासून, शेतकऱ्याचा हिस्सा विमा संरक्षित रकमेच्या (म्हणजे जास्तीत जास्त जेवढी विमा रक्कम मिळू शकते तिच्या) जास्तीत जास्त २ टक्के (रब्बीला दीड, नगदी पिकांना ५), बाकीचा हप्ता केंद्र आणि राज्य भरतं. महाराष्ट्रात खरीप २०२३ पासून शेतकऱ्याला एकच रुपया भरावा लागे, ते २०२५ च्या खरिपापासून थांबलं. हप्त्यातल्या या सरकारी वाट्यालाही ‘अनुदान’च म्हणतात, आणि ते जातं विमा कंपनीकडे. इथे गोंधळ पक्का होतो.

मागे आमच्या काकांच्या सोयाबीनच्या गंजीत पाणी शिरलं, शेंगांतून हिरवे कोंब बाहेर आले होते. पुढे कधीतरी बँकेचा मेसेज आला. काकांनी फोन माझ्यापुढे धरला, “बघ रं, हे अनुदान पडलंय का विमा?” मेसेजमध्ये नुसता आकडा. अनुदान असेल तर विम्यासाठी अजून भांडायचं, विमा असेल तर अनुदानासाठी तलाठ्याकडे जायचं. एका शब्दाअभावी दोन दिवस गेले.

पुरवणी, पैसेवारीबद्दल : आधी ही ‘आणेवारी’ होती. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. १९५७ ला दशमान नाणी आली तशी ‘पैसेवारी’ झाली, पण गावात जुनी माणसं अजून आणेवारीच म्हणतात. ५० पैशांच्या आत आली की टंचाईच्या सवलतींची, म्हणजे जमीन महसुलात सूट, वीजबिलात सवलत वगैरेंची, चर्चा सुरू होते. विम्याचा तिच्याशी संबंध नाही. विम्याचा हिशेब ‘उंबरठा उत्पादना’वर, म्हणजे मागच्या वर्षांवरून ठरवलेल्या हेक्टरी उत्पादनावर, चालतो आणि त्यासाठी महसूल मंडळात (काही गावांचा मिळून एक गट) पीक कापणी प्रयोग होतात, म्हणजे निवडक शेतांतलं पीक कापून मोजतात. समजा उंबरठा हेक्टरी १० क्विंटल आणि मंडळाची सरासरी ७ भरली, तर विमा संरक्षित रकमेच्या ३० टक्के मिळतात. सरासरी ११ आली तर या हिशेबात काहीच नाही, तुमचं एकट्याचं रान वाहून गेलेलं असलं तरी. ‘उंबरठा’ हा प्रतिशब्द मला फार आवडतो. अलीकडे की पलीकडे, एवढंच तिथे बघतात. फक्त तो मंडळाचा उंबरठा आहे, आपल्या घराचा नव्हे, हे हप्ता भरून घेताना कुणीतरी सांगायला हवं.

आणखी एक : ‘तगाई’ राहिली. अरबी ‘तकावी’ म्हणजे बळ देणं. १८८४ च्या कायद्याखाली बी-बैलांसाठी मिळायची, पण ते कर्ज होतं, फेडावं लागे. आमची आजी अतिवृष्टीच्या पैशालाही तगाईच म्हणायची आणि ते खर्चायला घाबरायची. परत मागायला येतील, असं तिला शेवटपर्यंत वाटत होतं.