'रांगेत लावा' म्हटलं तर गाणं वाजायला हवं का?

खटका: एका म्युझिक प्लेअरचं मराठीकरण करतोय. नव्या आवृत्तीत 'क्यू' आली आहे. चालू गाणं न थांबवता पुढची गाणी मागे ठेवत जायची, प्लेअर बंद केला की ती विसरायची. प्लेलिस्टला आम्ही आधीच 'यादी' म्हणून बसलोय, म्हणजे तो शब्द गेला. मी बटणावर 'रांगेत लावा' लिहिलं. बहिणीला चाचणीला बसवलं. तिनं दाबलं, वाट पाहिली, पुन्हा दाबलं, आणखी एकदा दाबलं आणि म्हणाली, "लागत नाहीये." तेच गाणं रांगेत तीनदा! 'गाणं लाव' आपण वाजवण्यासाठीच म्हणतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काय करू? बटणात दोनच शब्द मावतात.

जुनीवही: रांग माणसांची असते. गाण्यांचा क्रम असतो. 'वादनक्रम' म्हणा, प्रश्न मिटला.

कानसेन: 'वादनक्रमात जोडा'? वाद्यवृंदात भरती चालू आहे असं वाटेल.

जुनीवही: महापौर शब्दालाही लोक आधी असेच हसले असतील. वापरला की रुळतो.

अर्धविराम: महानगरपालिकेच्या पाटीवर रुळतो, बटणावर नाही. तिथं माणूस अर्धा सेकंद थांबतो. सरळ 'क्यू' ठेवा. तसा तो शब्द इंग्रजांनी तरी कुठून आणला? फ्रेंचांकडून, आणि त्यांच्याकडे लॅटिनमधून. मूळ अर्थ शेपूट. रचनेच्या शेवटी येणारा 'कोडा' त्याच शेपटातून निघालाय. म्हणजे शब्द आधीपासूनच संगीतातला आहे!

कानसेन: मग 'शेपटीला बांधा' लिहा की.

पाचवापडदा: शेपटावरून आठवलं, 'कतार' हा अरबी शब्द. एकामागे एक बांधलेल्या उंटांची ओळ. हल्लीच्या अरबीत तोच शब्द आगगाडीला वापरतात. गाण्यांना रांगेपेक्षा उंटच शोभतात, कारण मधला हलवला की मागचे सगळे हलतात.

जुनीवही: कतार हिंदीतून आलेला. नको. आपली 'ओळ' आहे ना, संस्कृत आवलीपासूनची.

खटका: ओळ गाण्याच्या शब्दांची असते, आणि आमच्याकडे शब्द दाखवणारी खिडकीही आहे. 'ओळीत जोडा' म्हटलं तर लोक कवितेत भर घालतील.

मधलीसुट्टी: आजी 'बारी' म्हणायची. "तुझी बारी आली की बोल." 'पाळी'पेक्षा बरा, पाळीची अडचण सगळ्यांना ठाऊक आहे. पण आम्ही घरात म्हणतो ते वेगळंच: "माझ्या गाण्याचा नंबर लाव."

खटका: परत लाव!

मधलीसुट्टी: हो की. पण इथं कुणी फसत नाही. नंबर लावला म्हणजे थांबायचं, हे लहान पोरालाही कळतं.

अर्धविराम: मग रांग रिकामी करायच्या बटणावर काय, 'नंबर काढा'? आणि 'रांग मोडा' चालणार नाही, तो मध्ये घुसण्याचा प्रकार.

पाचवापडदा: घुसण्यावरून एक विचारतो. 'यानंतर वाजवा' असंही बटण आहे का? आमच्या एका जुन्या प्लेअरमध्ये ते प्रत्येक गाणं चालू गाण्याच्या लगेच मागे सारायचं. मी ओळीनं तीन निवडली, तर तिसरं आधी वाजलं आणि पहिलं शेवटी. रांगेत आधी आलेला आधी जातो. ही तर नाण्यांची चळत झाली, वरचं आधी उचलायचं. अशा गोष्टीला रांग म्हणणंच खोटं.

खटका: आहे, आणि आत्ता करून पाहिलं. उलटीच वाजतात. ही शब्दाची नाही, प्रोग्रामची चूक निघाली, कळवतो. पण माझं पहिलं बटण? 'रांगेत ठेवा' कसं? 'लावा' टळतं.

जुनीवही: 'ठेवा' चालेल. मात्र खाली येणाऱ्या संदेशात '1 गाणं रांगेत ठेवलं' लिहिलंय का? 'गाणे', 'ठेवले' असं हवं. अनुस्वार बोलण्यात, लेखनात एकार.

कानसेन: झालं! आता अनुस्वाराची रांग.

अर्धविराम: बटण बोलतंय की लिहितंय, ते आधी ठरवा. माझ्या मते बोलतंय.

जुनीवही: बटण छापलेलं असतं.