हँडवॉशमध्ये पाणी किती घालावं? (सांगली, बोअरचं पाणी)

विश्रामबागकर: घरात पाच माणसं. ७५० मिलीचं हँडवॉशचं पाऊच महिनाभरही पुरत नाही. पाणी घालून वाढवलं की पंपातून चिळकांडी उडते, हातावर कमी आणि बेसिनमध्ये जास्त. काही दिवसांनी वासही बदलतो. प्रमाण किती ठेवावं? भांड्यांच्या लिक्विडलाही हेच चालेल का?

कृष्णाकाठ: साध्या पंपाच्या बाटलीत पाणी घालूच नका, तो पंप घट्ट साबणासाठीच असतो. फेसाचा पंप असलेली बाटली घ्या. त्याच्या आत बारीक जाळी असते, तिथे हवा मिसळते आणि पातळ साबणाचा चांगला फेस येतो. २५० मिलीच्या बाटलीत आधी १६० मिली पाणी, मग ४० मिली हँडवॉश. उलट केलंत तर भरतानाच फेस वर येतो. हलवायची नाही, बाटली आडवी धरून सावकाश फिरवा. वरची जागा पंपासाठी मोकळी राहू द्या. फेस विरळ वाटला तर आणखी १० मिली साबण घाला. दाणेदार किंवा क्रीमसारखा हँडवॉश मात्र नको, जाळी तुंबते. तुंबलीच तर पंप कोमट पाण्यात बुडवून पुन्हा पुन्हा दाबत राहा.

मिरज_जंक्शन: वास बदलतो तो जंतूंमुळे. हँडवॉश खराब न होता टिकावा म्हणून त्यात एक द्रव्य घातलेलं असतं. पाण्याने तेही पातळ होतं आणि जंतू वाढतात. म्हणून पाणी उकळून, झाकून गार करा. बोअरच्या पाण्यात उकळल्यावर तळाशी पांढरा साका बसतो, तो टाकून वरचं निवळ पाणी घ्या. आठवडाभरात संपेल एवढंच बनवा. संपत आलेल्या बाटलीत नवीन ओतू नका. बाटली आणि पंप धुऊन पूर्ण वाळवा, मगच भरा. वास आलेलं मिश्रण सरळ फेकून द्या, त्याने हात धुण्यात काटकसर नाही. जंतुनाशक म्हणून विकला जाणारा हँडवॉश पातळ करू नका, त्यातल्या औषधाचं प्रमाण घटतं.

सातारारोड: नवी बाटली घ्यायची नसेल तर पाणी न घालताच वापर कमी होतो. पंपाच्या दांडीला, डोकं आणि झाकण यांच्यामध्ये, जाड रबरबँडचे चार-पाच वेढे द्या. पंप अर्धाच दबतो, साबणही अर्धाच येतो. हात आधी ओले करायचे, मग साबण. कोरड्या हातावर तो पसरत नाही म्हणून जास्त घेतला जातो. पातळ झालेल्यात मीठ घालून घट्ट करायचा सल्ला कुणी दिला तर जपून. मीठ जास्त झालं की हँडवॉश उलट आणखी पातळ होतो, आणि मिठाने सफाईचा जोर वाढत नाही.

विश्रामबागकर: रबरबँड आजच लावतो. भांड्यांचं काय?

कृष्णाकाठ: ते बाटलीत पातळ करून ठेवू नका. वाटीत १०० मिली पाणी, त्यात एक चहाचा चमचा लिक्विड, रोज ताजं. तेलकट कढई आधी रद्दी कागदाने पुसून घ्या, साबण खरा तिथेच संपतो. उरलेलं रात्री ओतून टाका आणि घासणी पिळून वाळत ठेवा.