लघुपट दोन-दोन वर्षं कुलपात ठेवून कोणाचं भलं होतं?

शेवटची_रांग

एखाद्या लघुपटाला कुठल्या तरी महोत्सवात पारितोषिक मिळाल्याची बातमी येते. शोधायला जावं तर सापडतो ट्रेलर, तोही अर्ध्या मिनिटाचा. पोस्टरवर लॉरेल्सची, म्हणजे महोत्सवांच्या पानांच्या शिक्क्यांची दाटी, पण फिल्म कुठेच नाही, कारण महोत्सवांची फेरी संपेपर्यंत ती नेटवर टाकायची नाही असं करणाऱ्यांनी ठरवलेलं असतं. ती यूट्यूबवर येईपर्यंत बातमी शिळी झालेली असते आणि ज्यांना बघायची होती तेही विसरून गेलेले असतात.

माझं स्पष्ट मत आहे की लघुपट तयार झाला की सरळ इंटरनेटवर टाकावा. उरुग्वेच्या फेदे अल्वारेझने २००९ साली 'अताके दे पानिको' ही पाचेक मिनिटांची फिल्म यूट्यूबवर टाकली. खर्च सुमारे तीनशे डॉलर, असं तो सांगतो. त्या जोरावर हॉलिवूडने त्याला बोलावलं आणि २०१३ चा 'इव्हिल डेड' त्याच्या हाती दिला. स्वीडनच्या डेव्हिड सँडबर्गने बायकोला घेऊन राहत्या घरात तीन मिनिटांपेक्षाही छोटी 'लाइट्स आउट' केली. ती नेटवर पसरली आणि २०१६ साली त्यानेच तिचा मोठा चित्रपट केला. हे दोघे एकेका महोत्सवाच्या निवड समितीची वाट बघत बसले असते तर?

कट_टू

तुम्ही प्रेक्षक म्हणून बोलताय, ठीक आहे. आम्ही फिल्म करणारे काय म्हणतो तेही ऐका.

फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेसाठी फिल्म पंधरा मिनिटांच्या आत हवी, गेल्या बारा महिन्यांत पूर्ण झालेली हवी आणि इंटरनेटवर आधी दिसलेली नसावी. ऑस्करचं तसंच. ठरावीक शहरांतल्या थिएटरात आठवडाभर चालवा किंवा मान्यताप्राप्त महोत्सवात पारितोषिक मिळवा, पण पात्र ठरेपर्यंत नेटवर दाखवायची नाही. फिल्म एकदा टाकली की ही दारं बंद, मग काढून घेतली तरी उघडत नाहीत. मित्रांकडून कॅमेरा मागून, लाइट्सचं भाडं हप्त्याने फेडून केलेल्या फिल्मवर हा जुगार का खेळायचा?

आणि तुमची दोन्ही उदाहरणं नीट बघा. एकात राक्षसी रोबो शहर उद्ध्वस्त करतात, दुसऱ्यात दिवा मालवला की अंधारात बाई दिसते. दोन्ही फोनवर, बसमध्ये उभ्याने बघता येतात. म्हातारा आणि त्याची सून एका खोलीत नऊ मिनिटं न बोलता बसलेत, अशी फिल्म टाकून बघा. पहिल्या वीस सेकंदांत अंगठा वर सरकतो. तिथे जे दोन-तीनशे व्ह्यूज येतात त्यातले निम्मे मावश्या आणि आत्यांचे असतात.

निशाचर

अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात लघुपटांसाठी प्रीमियरची, म्हणजे फिल्म आधी कुठे दाखवलेली नसण्याची अट नाही, नेटवर असलेली फिल्मही चालते. सगळे महोत्सव एका माळेचे मणी नाहीत, एवढंच.

कट_टू

चालते ना. पण सनडान्सला फिल्म लागेलच याची हमी कोण देणार? एक दार उघडं आहे म्हणून बाकीची लावून घ्यायची का?

शिवाय महोत्सव नसता तर काही फिल्मा देशाबाहेर पडल्याच नसत्या. इराणच्या फरूग फरुखजाद या कवयित्रीने १९६२ साली तबरीझजवळच्या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीवर 'द हाउस इज ब्लॅक' केली. तिने केलेली ही एकच फिल्म, वीस-बावीस मिनिटांची. १९६३ साली जर्मनीत ओबरहाउझेनच्या लघुपट महोत्सवात तिला पारितोषिक मिळालं. आज इराणी सिनेमाची चर्चा तिच्या नावाशिवाय सुरू होत नाही.

शेवटची_रांग

आणि तुम्ही ती कुठे पाहिलीत? ओबरहाउझेनला जाऊन? मी यूट्यूबवर पाहिली, तुम्हीही तिथेच पाहिली असणार. १९६३ साली महोत्सवाला पर्याय नव्हता, रीळ कोणी तरी उचलून न्यावंच लागायचं. आज काय अडचण आहे?

'थंडर रोड'ही घ्या, कारण त्यात ना रोबो ना भूत. एक पोलीस आईच्या अंत्यविधीला भाषण करायला उभा राहतो आणि कोलमडत जातो, तेरा मिनिटं, एकच टेक. २०१६ साली सनडान्सला लघुपटांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्यानंतर जिम कमिंग्जने ती दाबून न ठेवता नेटवर खुली केली, आणि २०१८ साली त्याचाच मोठा चित्रपट केला. संथ फिल्म नेटवर कोणी बघत नाही, हा समज महोत्सववाल्यांच्या सोयीचा आहे.

कट_टू

आधी सनडान्स, मग नेट. हेच तर मी सांगतोय!

ल्योंकर

फ्रान्समध्ये राहतो, म्हणून थोडी भर घालतो. इथे हा वाद मराठीतल्याइतका तापत नाही, कारण इथे मधे पैसे देणारं कोणी तरी असतं. सीएनसी ही सरकारी संस्था लघुपटांना अनुदान देते. आर्ते, कनाल प्लुस, फ्रान्स तेलेव्हिजियों ही चॅनलं लघुपट विकत घेऊन दाखवतात. क्लेरमों-फेराँच्या महोत्सवात फिल्म बघायला गावातले लोक थंडीत रांगा लावतात आणि तिथेच लघुपटांचा बाजारही भरतो. म्हणजे इथे फिल्म वर्षभर नेटबाहेर ठेवली तर त्या वर्षात तिची विक्री होऊ शकते. थांबण्याला भाव आहे.

हे आपोआप झालेलं नाही. १९४० पासून इथे मोठ्या चित्रपटाबरोबर लघुपट दाखवणं कायद्याने बंधनकारक होतं. १९५३ साली सरकारने ते बंधन काढलं तेव्हा दिग्दर्शक-निर्मात्यांनी 'ग्रुप दे त्रांत' म्हणजे तिसांचा गट करून जाहीरनामा काढला. दिग्दर्शक आलँ रेने त्यात होता. त्यातूनच पुढे गुणवत्तेवर अनुदान देण्याची पद्धत आली.

शेवटची_रांग

मग माझाच मुद्दा पक्का झाला की. तिकडे थांबण्याचे पैसे मिळतात, इथे थांबायला उलट प्रवेश फी भरावी लागते. मराठी लघुपट विकत घेणारं चॅनल कुणाला माहीत असेल तर इथे लिहा.

दादर_टीटी

कायदा म्हणाल तर आपल्याकडेही होता. फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेची रिळं चित्रपटाआधी लावायची सक्ती होती. आम्ही त्या वेळात खारे दाणे घ्यायचो हे खरं, तरी त्याच सक्तीच्या पडद्यासाठी एस. एन. एस. शास्त्रींनी १९६७ साली 'आय ॲम ट्वेंटी' केली. स्वातंत्र्याच्या साली जन्मलेल्या पोरांना कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि देशाबद्दल काय वाटतं ते विचारलं. सरकारी पैशांतून अशी फिल्म निघाली, कारण ती दाखवायला जागा होती. तुम्ही दोघं निवड समिती आणि यूट्यूब यांच्यावरून भांडताय. मोठ्या चित्रपटाआधीची ती दहा मिनिटं आता जाहिरातींनी खाल्लीत, त्याबद्दल कोणीच बोलत नाही.

निशाचर

काका, मल्टिप्लेक्सवाला जाहिरात सोडून लघुपट लावेल असं खरंच वाटतं तुम्हाला?

दादर_टीटी

आपणहून कोण लावतो? तेव्हाही लावत नव्हते, म्हणून तर सक्ती होती.

शेवटची_रांग

सक्ती जेव्हा येईल तेव्हा येईल. कट_टू, तुमच्याकडून एवढं तरी कबूल करून घेतो: महोत्सवांची फेरी संपली की त्याच दिवशी फिल्म सगळ्यांना खुली करायची. ऑस्करची अटही पात्र ठरेपर्यंतचीच आहे, जन्मभराची नाही. कित्येक जण फेरी संपल्यावरही खासगी लिंक आणि पासवर्डच्या मागे फिल्म ठेवून देतात, ते कशासाठी?

कट_टू

ते कबूल, अगदी शंभर टक्के. फक्त फेरी संपली हे कसं ओळखायचं तेवढं सांगा. माझ्या फिल्मला अजून दोन ठिकाणांहून नकारसुद्धा आलेला नाही.