मदत हवी आहे: .१७ एचएमआर रायफलला कोणता स्कोप लावू?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसता वाचत होतो. आता गाडी अडली म्हणून पहिलाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझ्याकडे .१७ एचएमआर या छोट्या काडतुसाची बोल्ट अ‍ॅक्शन (दर गोळीनंतर बोल्ट हाताने मागे-पुढे करायची) रायफल आहे, जाड नळीची, म्हणजे व्हार्मिंट बॅरलवाली. काम दोनच: पिकात शिरणारे ससे आणि धान्याच्या कोठाराभोवतीचे उंदीर. सशांवर साधारण ६० ते १२० यार्डांवरून, फार तर १५०. उंदीर मात्र अगदी जवळ, १५-२० यार्ड. परवाना आणि परवानगी दोन्ही रीतसर आहेत, तेव्हा त्या बाजूची चर्चा इथे नको ही आगाऊ विनंती.

अडचण अशी. रायफलीवर सध्या ३-९×४० स्कोप (नेम धरायची दुर्बीण; ३ ते ९ पॉवर, म्हणजे तितकी पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४० मिमी) आहे. तो मुळात एका मोठ्या कॅलिबरच्या रायफलीवर होता, पडून होता म्हणून यावर चढवला. टेबलावर, पुढे-मागे वाळूच्या पिशव्या लावून ५० मीटरवर पाच गोळ्या मारल्या की ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, अर्ध्या-पाऊण इंचात येतो. तीच रायफल, तीच काडतुसं घेऊन जमिनीवर झोपून किंवा कुंपणाच्या खांबाला टेकून मारलं की ग्रुप दीड इंचावर जातो. कधी वर, कधी डावीकडे. ससा दीड इंच ऐकून घेत नाही, निघून जातो. आणि अर्धवट लागला तर त्याहून वाईट वाटतं.

काडतुसं बदलून पाहिली. नळी साफ केली. स्कोप धरणाऱ्या रिंगांचे स्क्रू तपासले, घट्ट आहेत. शेवटी मी असा निष्कर्ष काढला की ९ची पॉवर कमी पडतेय, स्कोपमधली नेम धरायची फुली नेमकी कुठे टेकली तेच दिसत नाही. म्हणून ६-२४×५० घ्यायचा विचार आहे. घेऊ का? की ४-१६ पुरेल? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निशाणीबाज:
घ्याच. छोटं जनावर म्हणजे मोठी पॉवर, साधा हिशोब आहे. २४ असली की वापरायलाच हवी असं थोडंच आहे? नको तेव्हा कमी करा. ५०ची भिंग संध्याकाळी प्रकाशही जास्त घेते.

फुली:
थांबा, थांबा. नवीन स्कोपच्या आधी तीन गोष्टी सांगा.
१. सध्याच्या स्कोपला पॅरॅलॅक्स, म्हणजे लक्ष्याच्या अंतराची जुळणी, फिरवायची चकती आहे का? नसेल तर तो किती अंतरावर ठरवलेला आहे? खोक्यावर किंवा माहितीपत्रकात असतं.
२. रायफल खांद्याला लावल्यावर गाल दस्त्यावर पूर्ण टेकतो, की हनुवटी टेकते आणि गाल हवेत राहतो?
३. रिंगा किती उंच आहेत?

धागाकर्ता:
@फुली, स्कोपला चकती नाही. माहितीपत्रक शोधून काढलं, त्यात १५० यार्ड लिहिलंय. रिंगा उंच आहेत, होत्या त्याच वापरल्या. भिंग आणि नळी यांच्यामध्ये माझी करंगळी सहज जाते. आणि गालाचं तुम्ही विचारलंत म्हणून आरशासमोर (रायफल रिकामी, बोल्ट काढून) पाहिलं. टेबलावर बसलो की मान वाकवून कसाबसा गाल टेकतो. झोपून मारताना फक्त जबडा टेकतो आणि डोकं तरंगत असतं. याचा काही संबंध आहे का?

फुली:
सगळा संबंध त्याचाच आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण हीच चूक मी दोन हंगाम केली आणि त्या नादात एक चांगला स्कोप विकून बसलो.

फुली असते स्कोपच्या आत. समोरच्या लक्ष्याची प्रतिमाही आतच तयार होते, पण लक्ष्य जवळ किंवा लांब असेल तशी ती प्रतिमा पुढे-मागे सरकते. पॅरॅलॅक्स १५० यार्डांवर ठरवलेला म्हणजे त्या अंतराची प्रतिमा आणि फुली एकाच पातळीवर येतात. ५० मीटरवर ती येत नाहीत. मग डोळा स्कोपच्या बरोबर मध्यावर असेल तर काही बिघडत नाही, पण डोळा जरा वर-खाली झाला की फुली लक्ष्यावरून सरकलेली दिसते. रायफल जागची हललेली नसते. तुम्ही प्रामाणिकपणे फुली सशाच्या डोक्यावर आणता आणि नळी भलतीकडे बघत असते.

जास्तीत जास्त किती सरकते त्याचा ढोबळ हिशोब आहे. भिंगाचा अर्धा व्यास घ्या, त्याला लक्ष्याचं अंतर आणि पॅरॅलॅक्सचं अंतर यांतल्या फरकाने गुणा, आणि पॅरॅलॅक्सच्या अंतराने भागा. तुमचं भिंग ४० मिमी, म्हणजे अर्धा व्यास २० मिमी. १५० यार्ड म्हणजे १३७ मीटर. फरक ८७ मीटर. उत्तर येतं साधारण पावणेतेरा मिलिमीटर. एका बाजूला अर्धा इंच, दोन्ही बाजू धरल्या तर एक इंच. तुमचा टेबलावरचा अर्धा-पाऊण इंच त्यात मिळवा, जमिनीवरचा दीड इंच कुठून आला ते दिसेल.

विश्वास ठेवू नका, करून बघा. रायफल रिकामी करा, बोल्ट बाहेर काढा. वाळूच्या पिशव्यांवर अशी बसवा की हात न लावता फुली ५० मीटरवरच्या कागदाच्या मध्यावर राहील. मग रायफलीला स्पर्श न करता नुसतं डोकं वर-खाली, डावी-उजवीकडे करा. फुली कागदावर पोहताना दिसेल.

पॉवर वाढवून यातलं काही जात नाही. उलट ५०चं भिंग घेतलंत तर ते नळीला लागू नये म्हणून रिंगा उंचच ठेवाव्या लागतील, गाल हवेतच राहील, आणि वरच्या हिशोबात २०च्या जागी २५ येतील.

निशाणीबाज:
पण ६-२४ला साइड फोकस असतो की राव. पॅरॅलॅक्स तिथेच फिरवून घेता येतो.

फुली:
असतो, बरोबर आहे. पण त्या चकतीवरचा सर्वांत लहान आकडा बघा. अशा बऱ्याच स्कोपांची चकती २५ किंवा ५० यार्डांच्या खाली येत नाही. यांचे उंदीर आहेत १५ यार्डांवर. रिमफायरसाठी (.१७ एचएमआर, .२२ अशी छोटी काडतुसं) बनवलेले, १० यार्डांपर्यंत उतरणारे स्कोप मिळतात. बिनचकतीचा घ्यायचा तर रिमफायरचा म्हणून विकला जाणारा बघा, त्यांचा पॅरॅलॅक्स सहसा ५० यार्डांच्या आसपास ठरवलेला असतो. मोठ्या कॅलिबरच्या स्कोपांचा १०० किंवा १५०. स्कोप विकत घेताना सगळे पॉवर विचारतात, हा आकडा कुणी विचारत नाही.

आडवा वारा:
फुलींच्या लेक्चरला +१. पॉवरबद्दल माझंही ऐका, कारण २४ची हौस मी फेडून घेतलेली आहे.

पहिली गोष्ट, दुपारी जमीन तापली की १६च्या वर सगळं उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं. ससा नाचतो, गवत नाचतं, फुली तेवढी स्थिर. दुसरी, २४वर १०० मीटरला दिसतं जेमतेम सव्वा-दीड मीटर रुंद. ससा दोन उड्या मारून बाहेर गेला की शोधत बसा. आणि जवळच्या उंदरांना सहाची खालची पॉवरसुद्धा जास्तच होते.

संध्याकाळच्या प्रकाशाचं म्हणाल तर भिंगाचा व्यास भागिले पॉवर करून बघा. ५० भागिले २४ म्हणजे २.१ मिमी, एवढीच प्रकाशाची टिकली डोळ्यात येते. अंधारात बाहुली पाच ते सात मिमी उघडते. तुमच्या सध्याच्या स्कोपला ९वर ती टिकली ४.४ मिमीची आहे. त्यामुळे ५०चं भिंग २४ पॉवरवर काळवंडणार, पॉवर उतरवली तरच उजळणार.

४-१२×४० किंवा ४-१६×४४ बास झालं. १५० यार्डांवरच्या सशाला १२ची पॉवर म्हणजे तो साडेबारा यार्डांवर बसल्यासारखा. त्याच्या मिश्या मोजायच्या आहेत का?

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. काल डोकं हलवून पाहिलं. खरंच पोहते हो फुली! कागदावर पेन्सिलने खुणा करून मोजलं, मध्यापासून वर साधारण ११ मिमी, खाली १२. इतके महिने मी काडतुसांना शिव्या देत होतो.

आता दोन प्रश्न. फुलीवर खाली रेघा असलेला स्कोप घेऊ का? त्यात पुन्हा फर्स्ट फोकल, सेकंड फोकल असं काहीतरी दिसतंय. आणि झीरो (गोळी बरोबर फुलीवर लागेल असं जुळवलेलं अंतर) ५० मीटरवरच ठेवू का?

आडवा वारा:
झीरो १०० यार्डांवर करा. २००२ साली हॉर्नडी कंपनीने हे काडतूस बाजारात आणलं ते सपाट जाण्यासाठीच. १७ ग्रेनची, म्हणजे १.१ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ७७७ मीटरने निघते. १०० यार्डांवर झीरो केलीत तर ५० यार्डांवरही ती जवळजवळ फुलीवरच लागते. ३० ते ११० यार्डांत अर्ध्या इंचाच्या आतबाहेर. १५० यार्डांवर अडीच इंच खाली, आणि २००वर साडेआठ. पुढच्या ५० यार्डांत कशी कोसळते बघा. म्हणून १५० ही तुमची मर्यादा योग्यच आहे.

जवळच्या उंदरांचा मात्र घोळ होतो. स्कोप नळीच्या वर पावणेदोन इंच बसलेला असेल तर १५ यार्डांवर गोळी फुलीच्या एक इंच खाली लागते. गोळी नजरेच्या रेषेपर्यंत अजून चढलेलीच नसते. तिथे फुली उंदराच्या वर धरायची.

रेघांचा उपयोग मला खाली धरण्यापेक्षा बाजूला धरण्यासाठी जास्त होतो. माझं नाव उगाच नाही. ताशी १६ किमीचा आडवा वारा असला तर ही गोळी १०० यार्डांवर तीन-साडेतीन इंच सरकते, १५०वर आठेक इंच. वाऱ्याची भूल पडली की स्कोप कितीही भारी असो.

फोकल प्लेनचं थोडक्यात: सेकंड फोकलमध्ये पॉवर बदलली तरी फुली तेवढीच दिसते, पण रेघांचं माप एकाच पॉवरवर खरं असतं, बहुधा सर्वांत वरच्या. १२वर २ एमओएची (एमओए हे कोनाचं माप, १०० यार्डांवर सुमारे एक इंच) रेघ ६वर ४ एमओएची होते. फर्स्ट फोकलमध्ये माप कायम खरं, पण ४वर फुली कोळ्याच्या धाग्यासारखी बारीक होते आणि झाडोऱ्यात हरवते. तुमच्या कामाला सेकंड फोकल घ्या, पॉवर एक ठरवून टाका आणि तिथेच ठेवा.

फुली:
स्कोप येईल तेव्हा येईल. तोवर फुकटातला उपाय करा. दस्त्याच्या वरच्या कडेवर जुन्या टॉवेलची घडी ठेवून चिकटपट्टीने बांधा. डोळे मिटून गाल टेका, मग डोळे उघडा. पूर्ण गोल, कडेला काळी सावली न येता दिसला पाहिजे. सावली खाली दिसली तर एक घडी कमी-जास्त करा. बोल्ट मागे यायला जागा ठेवा, नाहीतर टॉवेलात अडकेल.

आयपीसही (डोळ्याकडचं भिंग) एकदा लावून घ्या. मोकळ्या आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे धरून एकदम डोळा लावायचा, फुली क्षणात काळी-कुळकुळीत दिसली पाहिजे. टक लावून बसलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि तुम्हाला चूक कळत नाही.

धागाकर्ता:
अहवाल देतो. टॉवेलच्या चार घड्या लागल्या. बायकोने विचारलं रायफलीला पडसं झालंय का. आज सकाळी वारा नव्हता. ५० मीटर, जमिनीवर झोपून, पाच-पाच गोळ्यांचे तीन ग्रुप: पाऊण इंच, पाऊण इंच आणि एक इंच. तिसऱ्यात एक गोळी माझीच ओढली गेली, सुटली तेव्हाच कळलं. स्कोप तोच, पॉवर तीच.

६-२४चा विचार सोडला. ४-१२×४०, १० यार्डांपर्यंत फोकस होणारा बघतोय, रिंगा बसतील तितक्या बुटक्या. माझ्या रायफलीवर ११ मिमीची खाच आहे, तर पिकॅटिनीच्या (रुंद, आडव्या खाचांच्या पट्टीवर बसणाऱ्या) रिंगा चालतील का?

फुली:
थेट चालत नाहीत. ११ मिमी डव्हटेलच्या, म्हणजे तुमच्या खाचेच्या, रिंगा वेगळ्या मागा. मध्ये अ‍ॅडॉप्टर पट्टी घालता येते, पण तिने स्कोप आणखी वर जातो आणि पुन्हा टॉवेलच्या घड्या वाढतात. स्क्रू टॉर्क पान्याने आवळा, रिंगवाल्याने दिलेल्या मापाइतकेच. नुसत्या हाताच्या जोरावर आवळून स्कोपची नळी चेपलेली मी पाहिली आहे, माझीच होती.

निशाणीबाज:
ठीक आहे, मी माझे शब्द मागे घेतो. (माझा २४वाला आता कोणाला हवा आहे का?) एकच राहिलं म्हणून लिहितो: नवीन स्कोप आला की त्यातून शेत न्याहाळायचा मोह होतो. ते काम वेगळ्या दुर्बिणीने करा. स्कोपमधून बघितलं म्हणजे नळी तिकडे रोखली गेली, मग समोर ससा असो की कोणाचा कुत्रा. आणि सशाच्या मागे मातीचा बांध नसेल तर सोडून द्या. ही हलकी गोळी .२२ एलआरपेक्षा (.२२चं नेहमीचं काडतूस) कमी टप्पे खाते, म्हणजे जमिनीवर आपटून कमी उसळते, पण कमी म्हणजे अजिबात नाही असं नव्हे.

धागाकर्ता:
दुर्बीण आहे, गळ्यातच असते. बांधाचंही पाळतो. रिंगा मागवल्या आहेत, स्कोप बसला की १५ यार्डांवरचा कागद इथे टाकतो.